एकशे पस्तीस अंश

अक्कलकोट रोडच्या शेडवर लक्ष्मीपती गुर्रम यांना
आणखी दोन मजले हवेत.
खाली चोवीस माग, वर मुलाचा संसार,
त्याच्या वर भाडं.
ड्रॉइंग त्यांनी घडी घालून परत दिलं, टॉवेल देतात तसं.

"रिंगांची टोकं आत वळवा म्हणतंय तुमचं पुस्तक.
नव्वदला वाकवलं की काम भागतंय की ओ.
काँक्रीट टाकल्यावर कोण बगायलाय?
कशाला ताप करून घ्यायलाव, वडनाल म्याडम?"

आठ मिलिमीटरची सळई,
आकडा कॉलमच्या पोटात वळलेला,
पुढे पासष्ट मिलिमीटर शेपूट.
कलमात एवढंच आहे. कारण दिलेलं नाही.
कारण मला पाठ आहे:
जमीन हलली की कॉलमचं कवच आधी गळतं,
आणि नव्वदची रिंग त्याच्याबरोबर उघडते
गाठ न मारलेल्या नाडीसारखी.

माझे नाना भद्रावती पेठेत चादरी विणायचे.
खिशात भिंग असायचं, पितळी, घडीचं.
इंचात किती धागे, ते त्यातून मोजायचे.
चार धागे कमी घातले तरी चादर चादरच दिसते,
मोर मोरच दिसतो.
पहिल्या धुण्यात कळतं.
मग गिऱ्हाईक शिव्या देतं, आणि दुसरी चादर घेतं.

माझ्या कामाला धुणं नाही.

किल्लारीच्या त्या पहाटे, विसर्जनाची सुट्टी कापून
नानांची रात्रपाळी चालू होती.
आमच्या चाळीत फळीवरची भांडी खाली आली,
आईनं मला झोपेतच ओढत बाहेर आणलं.
नाना सातला आले, हातात रिकामा डबा.
"काय झालं? आम्हाला काहीच कळलं नाही.
तिथली फरशी रोजच हलती."

गुर्रमशेठही परवा हेच म्हणाले:
"इथली जमीन रोजच हलायलीय, मागानं.
सवय हाय बिल्डिंगीला."

आता जे सांगायचं नव्हतं ते.
जुळे सोलापुरात एक इमारत आहे, चार मजली, पिस्ता रंगाची.
तिच्या दाखल्यावर माझी सही आहे.
मी सत्तावीस वर्षांची होते, मार्चअखेर होती,
काळ्या मातीत पाया किती खोल गेला
ते बघायला मी गेले नाही. फोनवर विचारलं.
"एकदम मुरुमापर्यंत," म्हणाले.
इमारत उभी आहे. तडासुद्धा नाही.
गॅलरीत कुरडया वाळतात, कुणाचं तरी पोर
ग्रिलमधून पाय बाहेर काढून बसलेलं असतं.
मी आसरा चौकातून वळसा घालून जाते.
पेट्रोल जास्त लागतं.

तर गुर्रमशेठना म्हणाले, सही नाही.
त्यांनी वाद घातला नाही. चहा पाजला,
शेंगाचटणीचा पुडा दिला,
आणि सोमवारी दुसरीकडे गेले.
गावात सह्या पुष्कळ आहेत.
मी महापालिकेला पत्र लिहिलं, पोच घेतली:
निळा शिक्का, आवक क्रमांक, तारीख.
शिक्क्यानं सळई वाकत नाही.

मेमध्ये, त्रेचाळीस अंशात, तिथून जात होते.
नव्या मजल्याच्या सळया उभ्या, उघड्या.
खाली सावलीच्या तुकड्यात मौलाली नदाफ
ओला टॉवेल डोक्यावर घेऊन रिंगा वाकवत होता.
शेजारी ढीग. रस्त्यावरून टोकं दिसेनात.

त्यानं मला ओळखलं.
बोलला नाही, मागांच्या खडखडाटात ऐकूही आलं नसतं.
उजव्या हाताचं बोट वर केलं
आणि वाकवलं, हळूहळू, काटकोनाच्या पुढे,
आणि भुवया उंचावल्या.

केलंय, असं सांगत होता,
की करू का, असं विचारत होता?

त्या साइटवर आता माझं काहीच काम नव्हतं.
मी गाडी स्टँडला लावली.